न खाल्लेलं पान

सुभद्रा मॅडम हजेरी घेताना आडनाव घेत नसत. बीड जिल्ह्यात हे किती अवघड आहे ते बाहेरच्या माणसाच्या लक्षात यायचं नाही. आमच्याकडं नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न गावाचा आणि दुसरा आडनावाचा. दुसऱ्याचं उत्तर मिळालं की तिसऱ्याची गरजच उरत नाही. केजच्या कॉलेजात त्यांच्या एका वर्गात तीन अविनाश होते. मॅडमनी त्यांना नावं दिली: उंच अविनाश, उशिरा येणारा अविनाश आणि भांडणारा अविनाश. पुढं उशिरा येणारा वेळेवर यायला लागला. पोरांनी ओरडा केला, "मॅडम, आता ह्याचं नाव बदला." मॅडम म्हणाल्या, "एका हंगामाच्या मोजणीवर मी कुणाचा गुणधर्म बदलत नसते."

वर्ग हसला. दारातून जाताना मी ते ऐकलं आणि मलाही हसू आलं. आज ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

मी त्याच आवारातल्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. चाळिशी उलटल्यावर मी पीएच.डी.ला नाव घातलं. ज्ञानाच्या ओढीनं नाही. माझ्या मागून नोकरीला लागलेले लोक नावापुढं डॉक्टर लावून मीटिंगला माझ्या पुढच्या रांगेत बसायला लागले होते, म्हणून. हे मी पहिल्याच दिवशी मॅडमना सांगून टाकलं. असल्या गोष्टी पोटात राहिल्या की मला जेवण जात नाही. त्या व्हरांड्यात उभ्यानं चहा पीत होत्या, एका हातात बशी, दुसऱ्यात कप. म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आता विसरा. झाड उजेडाकडं वळतं, त्यामागं काही उदात्त हेतू नसतो. वळतं, एवढं पुरे."

त्या कधी बसत नसत. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची होती, तिच्यावर कायम वाळत घातलेल्या शेंगा असायच्या. वर्गात त्या खिडकी ते दार अशा फेऱ्या मारत. एसटीत जागा मिळाली तरी दांडी धरून उभ्या राहत आणि खिडकीतून दिसणाऱ्या झाडांबद्दल शेजारच्या अनोळखी बाईला सांगत. उंचीनं लहान, आवाज घोगरा, डोक्याला रुमाल, पायांत पुरुषी चपला. साठी जवळ आली होती तरी चढावर आम्हीच मागं पडायचो.

त्या पहिल्या दिवशीच मी माझी तयारी दाखवायला एक यादी नेली होती. बालाघाटाच्या डोंगरातल्या वनस्पती, लॅटिन नावांसकट, कुळानुसार लावलेल्या. फार कष्टानं केली होती. मॅडमनी वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि कागद पालथा घातला.

"ही झाली मतदार यादी," त्या म्हणाल्या. "कोण कुठल्या कुळातला ते कळलं. आता ह्यांतला प्रत्येक जण करतो काय, ते सांगा."

माझ्या विषयाचं नाव फंक्शनल इकॉलॉजी. मराठीत त्याला काहीतरी बोजड शब्द आहे. मॅडम त्याला 'झाडाच्या कामाचं शास्त्र' म्हणायच्या. झाडाचं नाव बाजूला ठेवायचं, त्याचे गुणधर्म मोजायचे आणि त्यावरून ओळखायचं की हे झाड जगतं कसं आणि त्याच्यामुळं टेकडीचं काय होतं. त्यांनी मला तीन गोष्टींपासून सुरुवात करायला लावली. पान, उंची आणि बी.

"पान म्हणजे कमाईची रीत," त्या सांगत. "पातळ, मऊ पान करणारं झाड लवकर कमावतं आणि लवकर उडवतं. जाड पानाचं झाड हळू कमावतं, पण तेच पान धरून ठेवतं. उंची म्हणजे उजेडासाठी शेजाऱ्याशी किती भांडायची तयारी आहे ते. आणि बी म्हणजे लेकराला घरातून काढताना बरोबर शिदोरी किती दिली. काही झाडं एकालाच भरपूर बांधून देतात. काही हजारांना रिकाम्या हातानं सोडतात, जा म्हणतात, बघा तुमचं तुम्ही."

मग हा नाद माणसांपर्यंत जायचा. प्राचार्यांबद्दल त्या म्हणायच्या, "उंची भरपूर, पान पातळ." माझ्याबद्दलही एकदा त्यांनी निकाल दिला. आदल्या दिवशी मी पानांचे नमुने ओल्या फडक्यात गुंडाळायचे विसरलो होतो आणि सकाळपासून चार वेळा माफी मागून झाली होती. पाचव्यांदा तोंड उघडलं तेव्हा त्या थांबल्या. "सर, तुमचं पान लई जाड आहे. एक चूक धरली की वर्षानुवर्षं गाळत नाही तुम्ही. तुम्ही माफी मागण्यात जेवढा वेळ घालवता तेवढ्यात दुसरी पानं तोडून आणली असती."

मी म्हणालो, "माफ करा."

त्या इतक्या हसल्या की बशीतला चहा सांडला.

कामाची पद्धत दिसायला सोपी होती. उन्हाच्या बाजूचं, पूर्ण वाढलेलं पान घ्यायचं. ते ओल्या फडक्यात डब्यात घालून आणायचं, आलेखाच्या कागदावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवायची, चौकोन मोजून क्षेत्रफळ काढायचं. मग पान वाळवायचं आणि वजन करायचं. क्षेत्रफळाला वजनानं भागलं की त्या पानाचा स्वभाव कळतो, पातळ की जाड, उधळ्या की चिवट. कॉलेजचा नाजूक तराजू बंद पडलेला होता आणि दुरुस्तीचा अर्ज कुठल्यातरी टेबलावर होता. मॅडमनी वाट पाहिली नाही. त्या वाळलेल्या पानांच्या पुड्या घेऊन पेठेतल्या सराफाकडं गेल्या.

सराफ गादीवर बसलेला. पहिल्यांदा त्याला वाटलं मॅडम पुडीतून सोन्याची मोड आणतायत. पुडी उघडली तर आत बोरीची पानं.

"मॅडम, ह्यो सोन्याचा काटा हाय."

"म्हणून तर आले. भाजीवाल्याच्या काट्यावर ह्याचं वजन लागत नाही."

"आन् गिऱ्हाईक आलं तर?"

"तर म्हणा, नवीन डिझाईन आहे."

तो कुरकुरत मोजायचा. पुढं त्यालाच गोडी लागली. आम्ही पायरी चढलो की ओरडायचा, "या, या! आज हिवराचा काय भाव?" आणि दुकानात असलेल्या बायकांना गंभीरपणे सांगायचा की जिल्ह्यात सध्या तरवड तेजीत आहे.

आकड्यांशी माझं पहिलं भांडण सरासरीवरून झालं. टेकडीवरच्या सगळ्या जातींचे आकडे मी संगणकात भरले आणि सरासरी काढून मॅडमना दाखवली. त्यांनी विचारलं, "देवळापाशी तो एकटा लिंब आहे, त्याला किती मत दिलंत?"

"एक."

"आणि अख्ख्या उतारावर पसरलेल्या मारवेल गवताला?"

"एक."

"ही काय निवडणूक आहे का?" त्या म्हणाल्या. "टेकडीवर ज्याचा पसारा मोठा, त्याचा शब्द मोठा. पसाऱ्यानं गुणा, मग सरासरी काढा. आपल्या जिल्ह्यात राहून एवढं कळू नये तुम्हाला?"

ही टेकडी त्यांच्या गावची. मांजरसुंब्यावरून लिंबागणेशकडं निघालं की पुढं आत एक वाडी लागते. तिच्या डोक्यावर गावाचं गायरान आहे, दगडाळ, बोडकं म्हणावं असं. वाडीतली बहुतेक घरं दसऱ्यानंतर ऊस तोडायला जातात आणि उन्हाळ्यात परततात. मॅडमचे आईवडीलही जायचे. त्यांचं लहानपण अर्धं वाडीत आणि अर्धं कारखान्यावरच्या कोपीत गेलं. कोपी म्हणजे चटई आणि उसाच्या वाढ्यांची केलेली झोपडी. मग एका मावशीनं त्यांना शाळेसाठी ठेवून घेतलं. त्यांचा थोरला भाऊ आणि कौसावहिनी अजूनही तोडीला जातात. मॅडम ही हकीकत एरवी सांगत नसत. एकदाच म्हणाल्या, "माझं बी फार शिदोरी न देता सोडलेलं होतं. वारा बरा होता म्हणून लांब गेलं."

गावापुढं तेव्हा एक प्रश्न होता. गायरानावर वृक्षलागवडीची योजना येत होती. भराभर वाढणारी परकी झाडं लावायची, सगळीकडं खड्डे घ्यायचे आणि टेकडीवर चराईबंदी करायची. उपसरपंच आबांचा त्यासाठी फार आग्रह होता, कारण खड्डे खणणारी यंत्रं त्यांच्या मेहुण्याची होती. दुसऱ्या बाजूला कौसावहिनीचा बचत गट शेळ्या घ्यायला निघाला होता. आपल्या शेळ्या झाल्या तर निदान काही घरांतल्या बायकांना तोडीला जावं लागणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. टेकडी बंद झाली तर शेळ्या चारायच्या कुठं? आणि टेकडी उघडी ठेवली तर ती शेळ्यांना पुरेल का? दोन्ही बाजू म्हणाल्या, सुभद्रेला विचारा. ती सांगेल ते खरं.

मॅडमना आयुष्यात गावानं पहिल्यांदाच काही विचारलं होतं. त्या वर्षी त्यांच्या फेऱ्या आणखी वाढल्या. वर्गातून बाहेर आल्या की आधी मला गाठायच्या, "सर, कधी जायचं?"

आम्ही मास्तर माणसं. मोकळा वेळ मिळतो दिवाळीच्या सुट्टीत आणि त्यानंतर डिसेंबरअखेरपर्यंतच्या रविवारी. तेव्हाच गेलो. परतीचा पाऊस चांगला झाला होता. टेकडीवर बोरीला आणि आपट्याला नवी फूट होती, मारवेल गुडघ्याला लागत होता. पद्धतीचा एक नियम मॅडमनी आम्हाला पाठ करायला लावला होता, तो जगात सगळीकडं पाळतात: पान धड हवं. किडीनं पोखरलेलं, जनावरानं खाल्लेलं पान घ्यायचं नाही. त्या दिवसांत धड पान शोधावंच लागलं नाही. हात घालावा तिथं धड पान. दुपारच्या आत आमचे डबे भरायचे आणि आम्ही देवळाच्या सावलीत भाकरी खायचो. मला कधी नव्हे ती शांत झोप लागायची.

आकडे जुळले. मऊ पानाची, लवकर वाढणारी, जनावराला आवडणारी झाडं आणि गवतं टेकडीवर जोरात होती. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर शाळेपुढं ग्रामसभा भरली. गाव कारखान्यावर असल्यामुळं सभेला म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि आबा. मॅडमनी उभं राहून सांगितलं, "टेकडीत जीव आहे. ती सावरतेय. खड्डे खणू नका. शेळ्या थोड्या वाढल्या तरी तिला झेपतील."

आबांनी तोंड वाकडं केलं. कुणीतरी फोनवरून ही बातमी कौसावहिनीला कळवली. तिकडून तिचा एवढा मोठा आवाज आला की फोन कानापासून लांब धरावा लागला. "सांगा वन्संला, म्हनावं, पयल्या शेळीचं नाव सुभद्राच ठेवनार हाय!"

पुढं उन्हाळ्यात माणसं परतली. श्रावणात मॅडम आपल्या वर्गाला पद्धत दाखवायला टेकडीवर घेऊन गेल्या. मीही होतो. मॅडमनी पोरांना सांगितलं, बोरीचं एक धड पान आणा.

पोरं पांगली. बराच वेळ कुणी येईना. मग एकेक जण रिकाम्या हातानं यायला लागला. भांडणाऱ्या अविनाशनं आणलेल्या पानाची कड कातरलेली होती. "मॅडम, हेच त्यातल्या त्यात बरंय," तो म्हणाला. आपट्याचे शेंडे खुडलेले. मारवेल जमिनीला टेकलेला, दाभणानं उकरावा तेव्हा दिसावा असा. उतारावर वाडीतल्या शेळ्या, गाई, तोडीवरून परतलेले बैल पसरले होते. धड होती फक्त सीताफळाची पानं आणि तरवडाची, कारण त्यांना जनावर तोंड लावत नाही. ती मात्र जिकडंतिकडं होती.

मॅडम एका दगडावर बसल्या.

इतक्या वर्षांत मी त्यांना बसलेलं पाहिलं नव्हतं. मला वाटलं चक्कर आली. पाण्याची बाटली पुढं केली, त्यांनी ती घेतली नाही.

"डिसेंबरात किती सोपं गेलं होतं, आठवतं?" त्या म्हणाल्या. "सगळी पानं धड. तेव्हाच शंका यायला हवी होती."

मी बाटलीचं झाकण लावलं.

"गाव नव्हतं, सर. गाव गेलतं, जनावरं गेलती. टेकडीला तेवढेच सहा महिने कुणी छळत नाही, नेमकं तेव्हा आपण तिला विचारलं, बाई, बरी आहेस का?" त्यांनी तरवडाची फांदी ओढली आणि सोडून दिली. "परका माणूस असता तर त्यानं विचारलं असतं, इथली माणसं कुठायत. मी कोपीत वाढले. दसऱ्यानंतर वाडी रिकामी असते ह्याची मला एवढी सवय, की ती रिकामी आहे हे मला दिसलंच नाही."

आणि तो नियम. खाल्लेलं पान घ्यायचं नाही. ज्या टेकडीवर खाल्लं जाणं हीच झाडांची मोठी अडचण, तिथं आम्ही नेमकी तीच पानं बाजूला टाकायला शिकलो होतो. पसाऱ्यानं गुणून पाहिलं तर श्रावणातली टेकडी सावरत नव्हती. जनावर जे खातं ते मागं सरत होतं, जे खात नाही ते त्याची जागा घेत होतं. शेळ्या वाढल्या असत्या तर हे आणखी झपाट्यानं झालं असतं. चार-सहा वर्षांनी टेकडी हिरवी दिसली असती आणि शेळ्या उपाशी राहिल्या असत्या.

पंधरा ऑगस्टची ग्रामसभा तोंडावर होती. त्यानंतरच्या नेकनूरच्या बाजारातून बायका शेळ्या आणणार होत्या. एसटीत मी मॅडमना म्हणालो, "आता काही बोलायला नको. पुन्हा मोजू, नीट मांडू आणि दोन ऑक्टोबरच्या सभेत सांगू. आत्ता सांगितलं तर आबा लागवड रेटतील."

त्या दांडी धरून उभ्या होत्या. "रेटतील," म्हणाल्या. "आणि आत्ता नाही सांगितलं तर शेळ्या येतील. मग दोन ऑक्टोबरला आपण त्यांना काय सांगणार? शेळ्यांनाच सांगणार का?"

पंधरा ऑगस्टला गाव भरलेलं होतं. आबा खुर्चीवर, बाप्ये पुढं, बायका शाळेच्या भिंतीला टेकून. मॅडमनी प्रस्तावना केली नाही. "सव्वीस जानेवारीला मी सांगितलं की टेकडी सावरलीय. ते चूक होतं. तुम्ही इथं नसताना मी तिला मोजलं. तुम्ही असताना ती तशी नसते. शेळ्या वाढवू नका."

मग आबा खुर्चीतच पुढं सरकले. "म्हंजे सुभद्राताई, लागवड घ्यायची ना मग?"

"नाही. लागवडीला माझा नकारच आहे. ती झाडं इथल्या जनावराच्याही कामाची नाहीत आणि जमिनीच्याही."

"शेळ्या नगं, झाडं नगं. मग टेकडीचं करायचं काय, पूजा?"

हशा झाला. मागून एक जण ओरडला, "बे, पानं मोजून कुठं गाव चालतंय का?" दुसरा म्हणाला, "तवा आयकलं, आता परत कावून आयकायचं ह्यांचं? पुन्यांदा चुकल्या तर?"

"चुकू शकते," मॅडम म्हणाल्या. "म्हणून वर्षभर मोजायला पाहिजे. मला एक वर्ष द्या."

मला राहवेना. मी उठलो. त्या मोजणीत माझाही हात होता, आकडे मी भरले होते, दिवाळीनंतरचे रविवार मी ठरवले होते. "गावकऱ्यांनो, ह्यात चूक माझीसुद्धा—"

"सर, बसा," मॅडम मागं न बघता म्हणाल्या. "ही तुमच्या माफीची सभा नाही."

मी बसलो. पुन्हा हशा झाला आणि तो माझ्यावर होता. त्यामुळं वातावरण जरा सैलावलं एवढंच.

कौसावहिनी सभेत एक शब्द बोलली नाही. हात वर करून मतदान झालं. पूर्वेच्या उतारावर लागवड मंजूर झाली. उरलेली टेकडी 'मॅडमचं वर्ष होईस्तोवर' आहे तशी ठेवायची ठरली. शेळ्या आल्या नाहीत. म्हणजे आबांना अर्धी टेकडी मिळाली, बायकांना काहीच नाही, आणि मॅडमना एक वर्ष.

दुपारी आम्ही मॅडमच्या भावाच्या घरी जेवायला बसलो. वहिनीनं भाकरी ताटात टाकली, ठेवली नाही. मग चुलीकडं तोंड करून एकदम म्हणाली, "आमी गेल्यावर येता. आमी आलो की तुमचं कालेज सुरू व्हतंय. टेकडी बगता, झाड बगता, बकरीनं खाल्लेलं पान बगता. जी बकरी खाती ती सा म्हईने कुटं असती, काय खाती, ते न्हाई बगायचं का? तुमी लई शिकल्या वन्सं, पर आमच्यासंगं यायचं इसरल्या."

भावानं डोळ्यांनी तिला दटावलं. मॅडमनी ताटातला कोरड्यास भाकरीनं पुसून घेतला. "वहिनी, अजून अर्धी वाढ," एवढंच म्हणाल्या. परतीच्या जीपमध्ये त्या लिंबागणेश येईपर्यंत बाहेर बघत होत्या. मी तीनदा विषय काढला, तिन्ही वेळा त्यांनी बाहेरच्या कुठल्यातरी झाडाचं नाव सांगितलं.

माझा प्रबंध लांबला. ती डिसेंबरची मोजणी काढून टाकावी असं मला वाटत होतं. मॅडमनी ती ठेवायला लावली, शेजारी श्रावणाची मोजणी ठेवायला लावली आणि मधे एक प्रकरण लिहायला लावलं: आम्ही काय पाहिलं नाही. खाल्लेल्या पानासाठी त्यांनी वेगळी पद्धत बसवली, किती कड गेली ते आलेखाच्या कागदावर मोजायची. त्या बरोबर वागल्या का, हे मला अजून सांगता येत नाही. पूर्वेच्या उतारावर खड्डे झाले, माती उघडी पडली. त्या ऑगस्टला गप्प बसलो असतो तर ते टळलं असतं का, आणि टळून पुढं काय झालं असतं, हे माझ्या डोक्यात फिरत राहतं. मॅडमच्या डोक्यात फिरत नसावं. त्यांचं पान वेगळं होतं.

मागून घेतलेलं ते वर्ष अजून चालू असतानाच, सप्टेंबरअखेर, त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात शाल आणि श्रीफळ घेऊन त्या उभ्याच राहिल्या. प्राचार्यांनी दोनदा 'बसा, बसा' म्हटलं. पेठेतला सराफ न बोलावता आला आणि त्यानं आपला जुना काटा डबीत घालून दिला. "आता पानं घिऊन दुकानात येऊ नका," म्हणाला, आणि मान दुसरीकडं वळवली.

आता डिसेंबर आहे. मी हे लिहितोय आणि उद्या पुन्हा टेकडीवर जायचं आहे. वाडी रिकामी आहे. या वेळी ती मला दिसते. प्रत्येक बंद दाराला अडकवलेल्या बाभळीच्या काट्या दिसतात. हे डिसेंबरचे आकडे या वेळी एकटे राहणार नाहीत, एवढाच मला धीर आहे.

कारण मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते दसऱ्यानंतरच्या एका सकाळी, वाडीच्या वेशीवर. ऊसतोडीची टोळी निघाली होती. ट्रॅक्टरच्या मागं दोन ट्रॉल्या, त्यांत भांडी, सरपण, कोपीच्या चटया, ज्वारीची पोती. मागच्या ट्रॉलीत एका कोपऱ्यात शेळ्या बांधलेल्या. सीमोल्लंघनाला लावलेली आपट्याची फांदी ट्रॉलीच्या मागच्या फळीला, फाळक्याला, तशीच खोचलेली होती. कौसावहिनी वर चढून बोचकी लावत होती आणि खाली उभ्या मॅडमना ओरडत होती, "या वन्सं, का आता दांडी धरूनच उभं ऱ्हायचंय कारखान्यापतोर?"

मॅडम चढल्या. शेळ्यांच्या मधे पोत्यावर बसल्या. मांडीवर काट्याची डबी, आलेखाच्या कागदांची गुंडाळी. त्या बसून राहिल्या. मला ते पाहवेना.

"सहा महिने," मी खालून म्हणालो. "मॅडम, ह्या वयात. कोपीत. माझ्यामुळं जर तुम्हाला—"

"टेकडी इथं, खाणारं तोंड तिकडं," त्या म्हणाल्या. "इकडचं तुम्ही मोजा, तिकडचं मी मोजते. तुमच्यामुळं काही नाही. सगळंच तुमच्यामुळं होतं असं समजू नका."

ट्रॅक्टर सुरू झाला. एका शेळीनं मान लांब करून फाळक्यावरची आपट्याची फांदी ओढली होती. मॅडमनी तिच्या तोंडातून ती सोडवली, एक पान खुडलं, उजेडाकडं धरून पाहिलं आणि वाकून माझ्या हातात दिलं.

"घ्या. दसऱ्याचं सोनं राहिलं होतं."

आपट्याचं पान जोडीचं असतं. ह्याची एक बाजू गेली होती, कडेला दातांची ओली खूण होती.

"मॅडम, हे खाल्लेलं आहे," मी ट्रॉलीबरोबर चालत म्हणालो.

"मग मोजा," त्या म्हणाल्या, आणि वहिनी कशालातरी हसली, आणि ट्रॉली वळणावरून खाली उतरली.